मावळांतील जीपगाडी : पावसाळ्यांतील निगा व बिघाडांची ओळख

बैल आजारी पडला म्हणजे तो वैरण सोडतो, कान पाडतो, आणि जाणता शेतकरी गोठ्यांत पाऊल टाकतांच त्याचें दुखणें ओळखतो. यंत्राचें तसें नाहीं, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें. गाडी काल चालत होती आणि आज अकस्मात् बंद पडली, ही तक्रार आपण नेहमीं ऐकतों. आमचा अनुभव मात्र याच्या उलट आहे. यंत्रही बंद पडण्यापूर्वीं कित्येक दिवस आपलें दुखणें सांगत असतें; तें आवाजानें सांगतें, धुरानें सांगतें, तेलाच्या रंगानें सांगतें. तें ऐकण्याची संवय आपणांस नसते, एवढेंच. ही संवय नसल्यामुळें आमचें ऐन सुगींत जें नुकसान झालें, त्याची हकीकत सांगून त्यावरून शिकलेल्या चार गोष्टी मावळांतील शेतकरी बंधूंपुढें ठेवाव्या, असा या लेखाचा उद्देश आहे.

मुलूख व वाहन

मावळ तालुक्याची जमीन एकसारखी नाहीं. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस तीस किलोमीटरांच्या आंत तळेगांवाकडे येईतों तो पुष्कळच उतरतो. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भात हेंच मुख्य पीक. वडगांवच्या कृषि संशोधन केंद्रानें १९८७ सालीं प्रसृत केलेल्या इंद्रायणी जातीनें या खोऱ्यांचें नांव सर्वत्र नेलें. परंतु जो पाऊस भात पिकवितो तोच वाटा मोडतो. पक्क्या सडकेपासून खाचरांपर्यंतचा शेवटचा कोस-अर्धा कोस हा चिखलाचा, दगडधोंड्यांचा आणि ओढ्यांचा असतो. खताचें पोतें, रोपांच्या मुठी, दुधाचे कॅन आणि प्रसंगीं आजारी माणूस, हीं सर्व ओझीं याच वाटेनें न्यावीं लागतात. साधी मोटार येथें उपयोगाची नाहीं. म्हणून चारही चाकांस जोर देणारी जीप किंवा तिच्या जातीची गाडी आपल्या दारांत आली.

ही गाडी मूळची लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यासाठीं विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून १९४१ ते १९४५ या काळांत अशा सहा लक्षांहून अधिक गाड्या बांधिल्या. अवघा ऐंशी इंच चाकांतर, चार सिलिंडरांचें साठ अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन आणि कोठेंही हातोडी-पान्यानें दुरुस्त होईल अशी उघडी रचना, हें तिचें वैशिष्ट्य. युद्ध संपतांच १९४५ मध्येंच विलीज कंपनीनें तिची नागरी आवृत्ति काढली, आणि ती मुख्यतः शेतकऱ्यांपुढेंच ठेविली. ओढण्याचा दांडा व इतर यंत्रांस शक्ति पुरविणारा फिरता दांडा तिला जोडतां येत असे. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें विलीज जीपा मुंबईंत जोडण्यास आरंभ केला. पुढें पेट्रोल महाग झालें तशीं डिझेल इंजिनें आलीं. एम एम ५४० या गाडींतील प्यूजो जातीचें इंजिन आजही पुष्कळ खेड्यांतून धडधडत आहे. २०१० सालीं थार आली. पुण्याच्या फोर्स कंपनीची गुरखाही याच कुळांतली. गाड्या बदलल्या, चिखल, पाणी आणि चढ मात्र तेच राहिले. म्हणून निगेचीं मूलतत्त्वेंही तींच आहेत.

आमची हकीकत

कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांत लावणी चालू असतां रोपांच्या मुठी भरून आम्ही नाणे मावळांतील एक ओढा दिवसांतून सहा-सात वेळां जीपनें ओलांडीत होतों. पाणी चाकाच्या मध्याच्या जरा वर येई. गाडी कधीं अडली नाहीं, म्हणून आम्ही तिचें कौतुकच केलें. लावणी संपली, गाडी धुतली आणि पडवीला लावली. भाद्रपदांत मागच्या बाजूनें एक बारीक घुमण्याचा आवाज येऊं लागला. वेग वाढला कीं तो वाढे, क्लच दाबला तरी थांबत नसे. “टायर झिजले असतील,” असें म्हणून आम्हीं तो कानाआड केला.

दिवाळीच्या आधीं दोन मोठीं खाचरें कापून झालीं. भाताचे भारे दोन दिवस वाळण्यासाठीं शेतांतच पसरले होते. तिसऱ्या दिवशीं दुपारीं पश्चिमेस ढग दिसले. भारे छपराखालीं आणण्यासाठीं ट्रॉली जोडून निघालों, तों अर्ध्या वाटेवर मागून कडकड असा आवाज झाला आणि मागचें एक चाक जागींच आवळलें. सुगीचे दिवस; गांवांतील प्रत्येक गाडी ज्याच्या त्याच्या कामांत गुंतलेली. डोक्यावरून जेवढे भारे आले तेवढे आणिले. रात्रीं पाऊस लागला व तीन दिवस हटला नाहीं. भिजलेल्या लोंब्यांना कोंब फुटले. जें भात वाळवून गिरणीला नेलें त्याचाही तुकडाच फार पडला.

मिस्त्रीनें मागच्या आंसाची पेटी उघडली तेव्हां आंतून तेल निघालें नाहीं. दुधाच्या कॉफीसारखें घट्ट, गढूळ पाणी निघालें. बेअरिंगवर गंज चढून खड्डे पडले होते. त्यानें आम्हांस एकच प्रश्न विचारला : “दादा, पाण्यांतून काढल्यावर खालचा बोल्ट एकदां तरी ढिला करून पाहिला होता का?” पाहिला नव्हता. दोष गाडीचा नव्हता, आमचाच होता.

पाणी आंत कसें शिरतें

हें कसें घडलें तें समजून घेण्यासारखें आहे. गाडी चालत असतां आंसाची पेटी व तींतील हवा तापते. ती एकदम गार पाण्यांत बुडाली म्हणजे आंतली हवा आकसते आणि पेटी बाहेरून ओढूं लागते. हवेची ये-जा होण्यासाठीं पेटीवर एक बारीक तोटी असते. तिला मिस्त्री ब्रीदर म्हणतात. त्या तोटींतून किंवा झिजलेल्या ऑईल सीलमधून पाणी आंत खेंचलें जातें. म्हणजे ओढा ओलांडतांना पाणी आपण होऊन शिरत नाहीं. गाडीच तें पिते.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, लांबून वेगानें आलेली गाडी ओढ्याच्या कांठीं कांहीं वेळ उभी करावी व आंस निवूं द्यावा. दुसरा, ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडून तिचें तोंड उंच, इंजिनाच्या झांकणाखालीं आणून बांधावें. हें काम अल्प खर्चाचें आहे व एकदां केलें कीं वर्षानुवर्षें टिकतें. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, ज्या दिवशीं खोल पाणी ओलांडलें असेल त्या रात्रीं गाडी सपाट जागीं उभी ठेवावी आणि सकाळीं हलविण्यापूर्वीं दोन्ही आंसांच्या पेट्यांचे खालचे बोल्ट हळूच ढिले करावे. पाणी तेलापेक्षां जड असल्यानें रात्रभरांत तळाशीं बसतें व प्रथम तेंच बाहेर येतें. स्वच्छ तेल दिसतांच बोल्ट आवळावा. तेल दुधाळ झालें असेल तर मात्र थेंबभरही ठेवूं नये. सर्व काढून पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचें नवें घालावें. गिअरपेटी व तिच्या मागची ट्रान्सफर केस यांचीही अशीच परीक्षा करावी.

ओढा ओलांडण्याचा विधि

ज्या पाण्याचा तळ दिसत नाहीं तें प्रथम काठीनें तपासावें. चाकाच्या मध्याहून अधिक खोल पाण्यांत नाइलाज असल्याशिवाय जाऊं नये. वाहत्या पाण्याचें गणित निराळेंच आहे. सुमारें दोन फूट खोल वाहतें पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतें, मग तिला चार चाकांचा जोर असो वा नसो. आषाढांतील ओढ्याला लोंढा आला असतां दोन तास थांबणें हीच शहाणपणाची गोष्ट होय.

उतरण्यापूर्वींच चारही चाकांचा जोर व खालचा गिअर घालावा आणि मध्यें बदलूं नये. क्लच दाबला कीं त्याच्या तबकड्यांत पाणी जातें. चाल माणसाच्या चालीएवढी, परंतु एकसारखी असावी. जुन्या गाडींत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो; पाणी खोल असल्यास तो पट्टा ढिला करावा, नाहीं तर पंखा सर्व इंजिनावर पाणी उडवितो आणि प्रसंगीं वांकून रेडिएटरांत घुसतो.

इंजिन पाण्यांतच बंद पडलें तर पुन्हां पुन्हां चावी फिरविण्याचा मोह आवरावा. हवेच्या वाटेनें सिलिंडरांत पाणी गेलें असेल तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं. दट्ट्या वर येतो, पाणी हटत नाहीं आणि मधला दांडा वांकतो. गाडी दोरानें बाहेर ओढावी. पेट्रोल इंजिनाचे प्लग, अथवा डिझेल इंजिनाचे नोझल, मिस्त्रीकडून काढवून, इंजिन हातानें फिरवून पाणी बाहेर घालवावें, तेल बदलावें, मगच सुरू करावें. ओढणारा दोर किंवा तार ताणलेली असतां तिच्या रेषेंत कोणीही उभें राहूं नये. तुटलेली तार चाबकासारखी फिरते. तिच्या मध्यावर एक ओलें जड पोतें टाकून ठेवावें, म्हणजे तुटली तरी खालीं बसते.

चार चाकांचा जोर केव्हां वापरावा

पुष्कळांचा समज असा कीं, चार चाकांचा जोर घातला म्हणजे गाडी सर्वत्र अधिक चांगली चालते. जुन्या धर्तीच्या जीपेस तो कोरड्या डांबरी सडकेवर अपायकारक आहे. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर चालतात. दोन्ही आंस एकत्र जखडलेले असले तर हा फरक चाकें घसरून भरून निघाला पाहिजे. चिखलांत तीं घसरतात, डांबरावर घसरत नाहींत. मग सर्व पीळ गिअरांत सांठतो, स्टिअरिंग जड होतें आणि दांडा जागचा हलत नाहीं. असें झाल्यास जोर लावून दांडा ओढूं नये. गाडी सरळ रेषेंत थोडी मागें घ्यावी, पीळ उलगडतो व दांडा सुटतो. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले ठेवावे, हेंही याच कारणासाठीं.

चिखलांत टायरची हवा तीस पौंडांवरून वीस पौंडांपर्यंत उतरविल्यास त्याचा तळवा रुंद होतो व पकड वाढते. मात्र सडकेवर येतांच हवा पूर्ववत् भरावी; मऊ टायरवर वेग घेणें म्हणजे अपघातास आमंत्रण होय. आणखी एक सूचना. गाडी जाऊं शकते म्हणून ती खाचरांत किंवा बांधावर घालूं नये. ओला बांध एकदां चाकाखालीं खचला कीं खाचरांत पाणी ठरत नाहीं.

इंजिनाचीं दुखणीं

धूर हा इंजिनाचा नाडीठोका आहे. डिझेल गाडीचा धूर काळा असेल तर हवा कमी पडत आहे अथवा ओझें जास्त झालें आहे. प्रथम हवेचा फिल्टर काढून झटकावा. मळणीच्या दिवसांत भुसानें तो आठवड्यांतच भरतो. धूर निळा असेल तर इंजिन वंगण जाळीत आहे. पांढरा धूर गार सकाळीं थोडा वेळ आल्यास हरकत नाहीं; परंतु तापल्यावरही येत राहिला, रेडिएटरांतील पाणी कमी होत गेलें आणि तेलाच्या झांकणाखालीं पांढरी साय दिसली, तर हेडचें गॅस्केट गेलें असें समजून गाडी तत्काळ थांबवावी.

गाडी सुरूच होत नसेल तर आधीं बॅटरी पाहावी. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. पावसाळ्यांत बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर येतो. तो गरम पाण्यानें धुऊन, टोकें घासून, आवळून वर ग्रीस लावावें. इंजिनापासून सांगाड्यास जाणारी जाड तार सैल किंवा गंजलेली असल्यासही हाच बिघाड होतो, व पुष्कळदां चांगली बॅटरी विनाकारण बदलली जाते.

बॅटरी ठीक असून डिझेल इंजिन नुसतें फिरतें व पेटत नाहीं, तर नळींत हवा किंवा पाणी आहे. अर्धी रिकामी टाकी रात्रभर गारठ्यांत राहिली म्हणजे आंत दंव धरतें. म्हणून पावसाळ्यांत टाकी सायंकाळींच भरून ठेवावी. फिल्टरच्या तळचा स्क्रू ढिला करून पाणी काढावें, आणि जुन्या इंजिनास हातपंप मारून बुडबुडे संपेपर्यंत हवा सोडावी. हा प्रयोग नव्या गाडीवर मात्र करूं नये. आजच्या इंजिनांतील नळ्यांत हजार बारच्याही वर दाब असतो. तो बारीक फवारा कातडी भेदून जातो. २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांस भारत स्टेज सहा हें मानक लागू झालें; त्यांचीं धूर शुद्ध करणारीं उपकरणें नाजूक आहेत. नव्या गाडीच्या सांगाड्यास वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या, आणि समोरचा इशाऱ्याचा दिवा लागल्यास जाणत्या कारखान्यांत दाखवावें.

इंजिन तापत असेल तर बहुधा रेडिएटरच्या जाळींत चिखल व पेंढा अडकलेला असतो. तो मागील बाजूनें, मंद धारेनें धुवावा. जोराच्या धारेनें जाळीचीं पातीं दुमडतात. पट्टा सैल आहे काय, नळी फुगली आहे काय, तें पाहावें. गरम रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये.

ब्रेक व घाटाचा उतार

गाडी न चालणें हा तोटा आहे; गाडी न थांबणें हा घात आहे. पाण्यांतून बाहेर येतांच शंभर पावलें हळू चालवून ब्रेक हलके दाबीत राहावें, म्हणजे ड्रम सुकतात. ब्रेक लावतांना गाडी एका बाजूस ओढत असेल तर एका चाकाचा ड्रम ओला आहे, किंवा आंसाचें सील फुटून त्यावर तेल आलें आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. असें जुनें तेल लांब उतारावर तापून उकळतें, त्यांत वाफ होते, आणि पाय नुसता खालीं जातो. लोणावळ्याचा घाट असो कीं पवन मावळांतून वर चढणाऱ्या वाटा असोत, ओझें घेऊन उतरणाऱ्यानें दर दोन वर्षांनीं हें तेल बदललेंच पाहिजे. ज्या गिअरनें चढावें त्याच गिअरनें उतरावें, हा जुना नियम आजही खरा आहे. डिझेल वांचविण्यासाठीं गिअर सोडून उतरणारा मनुष्य चार रुपयांसाठीं जीव गहाण ठेवितो.

आवाजांची परीक्षा

गाडी सोडतांना खालून ‘टक्’ असा आवाज येत असेल तर फिरत्या दांड्याचा क्रॉस झिजला आहे. ग्रीसगननें चारही टोकांतून ताजें ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावें. वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घूं-घूं ही बेअरिंगची किंवा डिफरन्शियलची. हीच आम्हीं कानाआड केली. खड्ड्यावरून जातांना स्टिअरिंग थरथर कांपूं लागलें तर पुढच्या चाकांचे सांधे ढिले आहेत. चाक जॅकवर उचलून वर-खालीं व आडवें हलवून पाहावें. एका बाजूस कललेली गाडी म्हणजे पाटा तुटलेला किंवा त्याचे यू-बोल्ट सैल झालेले.

वर्षाची निगा

वैशाख-ज्येष्ठांत, पाऊस लागण्यापूर्वीं : ब्रेक, टायर, वायपर, बॅटरी व ब्रीदरच्या नळ्या पाहाव्या, सर्व निपलांत ग्रीस भरावें.

आषाढ-श्रावणांत : खोल पाणी ओलांडल्याच्या दुसऱ्या सकाळीं आंसांचे बोल्ट ढिले करून पाहावे, आठवड्यास एकदां खालचा चिखल धुवावा.

भाद्रपद-आश्विनांत, सुगीपूर्वीं : आंस व गिअरपेटीचें तेल तपासून, शंका असल्यास बदलावें. सांगाड्याच्या पोकळींत सांचलेला चिखल काढून गंजलेल्या जागीं रंग द्यावा.

कार्तिकापासून पुढें : भुसामुळें हवेचा फिल्टर वरचेवर साफ करावा. भाताच्या कणगीजवळ उभ्या गाडींत उंदीर शिरतात व तारा कुरतडतात. आठवड्यास एकदां तरी झांकण उघडून पाहावें आणि इंजिन चालवावें.

या सर्व कामांस लागणारें सामान म्हणजे पान्यांचा एक संच, ग्रीसगन, व्होल्ट मोजण्याचें लहान यंत्र, जॅक, दोर आणि गाडीचें पुस्तक. याशिवाय एक वही ठेवावी. कोणत्या दिवशीं कोणतें तेल बदललें, कोणता आवाज केव्हां ऐकूं आला, हें तींत लिहावें. आमच्या त्या नुकसानीनंतर आम्हीं अशी वही घातली. पुढील श्रावणांत एका सकाळीं मागच्या पेटींतून पेलाभर पाणी निघालें. तेल त्याच दिवशीं बदललें, आणि त्या वर्षाचें सर्व भात वेळेवर छपराखालीं आलें. एका बोल्टाचे दोन फेरे, एवढेंच त्याचें मोल होतें. बैलास आपण रोज हात फिरवितों. दारांतल्या गाडीवरही आठवड्यास एकदां तसाच हात फिरवावा, एवढीच आमची विनंति आहे.